मृत्युपत्राचा एक्झिक्युटर कोणाला नेमावं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृत्युपत्र करायला बसलेल्या घरांत ‘कोणाला काय द्यायचं’ यावर महिनोन्‌महिने विचार झालेला असतो. ‘हे सगळं पार पाडणार कोण’ हा प्रश्न मात्र शेवटच्या पाच मिनिटांत निघतो आणि तिथे थोरल्या मुलाचं नाव लिहून मंडळी मोकळी होतात. नंतर घरात जी कटुता येते, ती माझ्या पाहण्यात वाटणीपेक्षा या घाईतून जास्त आली आहे. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. ही सर्वसाधारण माहिती आहे; तुमच्या मालमत्तेची गुंतागुंत असेल तर कागद घेऊन वकिलांकडे जाच.

एक्झिक्युटर म्हणजे नेमका कोण आणि त्याला करायचं काय असतं?

तुमच्या पश्चात तुमच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्याच्यावर तुम्ही सोपवता, तो एक्झिक्युटर. कायद्याच्या मराठीत निष्पादक. आपल्याकडच्या मृत्युपत्रांत ‘व्यवस्थापक’ असंही लिहिलेलं सापडतं. सगळा कारभार भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे चालतो. या कायद्यानुसार मयताची मालमत्ता एक्झिक्युटरच्या हाती येते, पण मालक म्हणून नव्हे, तर मयताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून.

काम ऐकायला छोटं वाटतं. प्रत्यक्षात त्याला आधी सगळी मालमत्ता शोधून एकत्र करायची असते, येणी वसूल करायची असतात, मग देणी फेडायची असतात आणि उरलेलं मृत्युपत्राप्रमाणे वाटायचं असतं. देणी फेडण्याचा क्रमही कायद्याने ठरवून दिला आहे. अंत्यविधीचा खर्च आणि शेवटच्या आजारपणातला दवाखान्याचा खर्च सगळ्यांत आधी. त्यानंतर प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा निर्णय) वगैरे कोर्टकामाचा खर्च. मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली घरकाम करणाऱ्यांची, मजुरांची थकलेली मजुरी. त्यानंतर इतर कर्जं, आणि वारसांना द्यायचं ते सगळ्यांत शेवटी. मयताचं आयकर विवरणपत्र भरणं हेही त्याच्याच अंगावर येतं. वाटणीची घाई करून कर्ज राहून गेलं, तर त्याचा जाब एक्झिक्युटरला द्यावा लागतो.

एक्झिक्युटर नेमलाच नाही तर मृत्युपत्र रद्द होतं का?

नाही. मृत्युपत्रावर तुमची सही, तुमच्या सहीचे दोन साक्षीदार आणि तुमचं मन शाबूत, एवढं असेल तर ते वैधच असतं. फक्त पुढे कोर्टात जायची वेळ आली, तर प्रोबेट मिळत नाही, कारण प्रोबेट एक्झिक्युटरलाच मिळतं. मग लाभार्थ्यांपैकी कोणाला तरी ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’साठी, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्रासाठी, अर्ज करावा लागतो, आणि तो कोणी करायचा यावरूनच वादाला सुरुवात होते.

थोरला मुलगा असताना दुसऱ्या कोणाला नेमलं तर त्याचा अपमान नाही का होणार?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो, आणि त्यामागची भावना खरी आहे. अग्नी देण्याचा मान, तेराव्याला पाटावर बसण्याचा मान, आणि त्याच ओघात मृत्युपत्रातला मानही त्याचाच असं आपण धरून चालतो. पण एक्झिक्युटर हे वर्ष-दोन वर्षांचं राबण्याचं काम आहे. त्यात रांगा आहेत, अर्ज आहेत, पावत्या जपणं आहे आणि भावंडांच्या प्रश्नांना न चिडता उत्तरं देणं आहे.

माणूस निवडताना मी तीन गोष्टी विचारते. हा माणूस स्वतःच्या घरचा हिशेब लिहून ठेवतो का? घरातलं सगळ्यांत नाराज माणूस याचा फोन उचलेल का? आणि याला ‘नाही’ म्हणता येतं का? तिसऱ्या प्रश्नाकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मृत्युपत्रात धाकटीला दिलेला प्लॉट ‘तोंडी मला कबूल केला होता’ असं सांगत कोणीतरी येतंच. तेव्हा ‘कागदात आहे तेच होईल’ असं शांतपणे सांगणारा माणूस लागतो. तो थोरला असेल तर उत्तमच. कधी ती मधली मुलगी असते. लग्न होऊन गेलेल्या मुलीला नेमायला कायद्याने काहीही आडकाठी नाही, आणि कागदपत्रांच्या कामात अनेक घरांतली सगळ्यांत चोख व्यक्ती तीच असते हे तुम्हालाही ठाऊक असतं.

थोरल्याला वाईट वाटू नये असं मनापासून वाटत असेल, तर आजच त्याला समोर बसवून सांगा. आपल्या माघारी कागद वाचून त्याला हे कळू देऊ नका.

ज्याला मालमत्ता मिळणार आहे, तोच एक्झिक्युटर असला तर चालतं का?

चालतं, आणि घरोघरी तसंच असतं. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. ज्याला तुम्ही एक्झिक्युटर म्हणूनही नेमलं आहे आणि काही द्यायचंही लिहिलं आहे, त्याने एक्झिक्युटर म्हणून काम करण्याची तयारी दाखवल्याशिवाय त्याला ती देणगी मिळत नाही, असं कलम १४१ सांगतं. म्हणून ‘काम करो वा न करो, हे त्याला द्यावं’ अशी इच्छा असेल तर तसं स्पष्ट लिहा. दुसरं म्हणजे, एक्झिक्युटरने मयताची मालमत्ता स्वतःच विकत घेतली, मग थेट असो की कोणाच्या नावाआड, तर इतर वारस तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतात.

एक्झिक्युटर मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू शकतो का, असंही विचारतात. त्या कारणाने कायदा त्याला साक्षीदार म्हणून अपात्र ठरवत नाही. तरी मी साक्षीदार वेगळेच घ्यायला सांगते: तुमच्यापेक्षा वयाने लहान, नागपुरातच राहणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं झालं तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष लागते.

पत्नीला नेमावं का?

तिची इच्छा असेल तर अवश्य. पण तिला विचारा. पासबुक कधी हातात न घेतलेल्या सत्तरीच्या बाईला दुःखाच्या दिवसांत नझूल (सरकारी जमिनीच्या) कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावणं हे प्रेम नाही. त्यापेक्षा राहतं घर, पेन्शन आणि तिच्या हयातीतले हक्क मृत्युपत्रात पक्के करा आणि काम दुसऱ्यावर सोपवा. पत्नी स्वतः बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेली असेल, तर हा विचार अर्थातच उलटा होतो. पतीला नेमतानाही हाच प्रश्न विचारा.

एक मुलगा पुण्याला, एक अमेरिकेत. नागपुरात कोणीच नाही. मग?

धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, कुठल्याही गल्लीत हीच परिस्थिती आहे. परदेशी राहणारा माणूस एक्झिक्युटर होऊ शकतो. त्याला कायद्याची मनाई नाही. अडचण धावपळीची आहे. नागपुरातल्या एका साध्या घराचा कागद म्हणजे रजिस्ट्री, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), महापालिकेची टॅक्स पावती, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लेआऊटमधला प्लॉट असेल तर लीजचे कागद किंवा नियमितीकरणाचं आर. एल. पत्र, महावितरणचं मीटर आणि पाण्याचं कनेक्शन. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, साहेब वेगळा आणि सुट्टीचा दिवस वेगळा. मुलगा पंधरा दिवसांची रजा काढून येतो आणि पहिला अर्ज टेबलावर पोचेपर्यंत त्याची परत जायची तारीख येते.

अशा घरांनी दोन एक्झिक्युटर नेमावेत असं मला वाटतं. एक मुलगा किंवा मुलगी, आणि एक नागपुरात राहणारा भाचा, पुतणी, जावई किंवा विश्वासातला तरुण स्नेही. कायद्याप्रमाणे, मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर अनेक एक्झिक्युटरांपैकी कोणीही एक जण सगळ्यांच्या वतीने अधिकार वापरू शकतो. रोजच्या कामाला ही सोय मोठी आहे. पण घर विकण्यासारखा निर्णय एकट्याने घेऊ नये असं वाटत असेल, तर ‘स्थावर मालमत्तेची विक्री दोघांच्या सहीनेच’ असं एक वाक्य घाला. हे वाक्य नसल्यामुळे पुढे काय होऊ शकतं, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

दोघांपेक्षा जास्त नकोत. चारही मुलांना खूश ठेवायला चौघांना नेमलं, तर कायद्याने एकाची सही चालत असली तरी प्रत्यक्षात प्रत्येक अर्जावर चार सह्या गोळा करत बसायची वेळ येते.

मित्राला नेमलं आहे. आमची चाळीस वर्षांची मैत्री. काय हरकत आहे?

त्याचं वय. तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे आणि तो ऐंशीचा असेल तर काम पडेल तेव्हा तो असेल का, हे देवाला ठाऊक. एक्झिक्युटर तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी तरी लहान असावा. मित्राचा सल्ला घ्या आणि नाव त्याच्याइतकंच विश्वासाचं, पण तरुण निवडा.

वकील, सीए किंवा बँकेला नेमता येतं का? पैसे द्यावे लागतात का?

येतं. घरात दोन तट पडलेले असतील तर बाहेरचा माणूसच बरा. एक्झिक्युटरला झालेला वाजवी खर्च मालमत्तेतून मिळतोच. कष्टाचा मोबदला द्यायचा असेल तर त्याची रक्कम किंवा पद्धत मृत्युपत्रात लिहा. घरच्या माणसासाठीही हे लिहायला संकोच करू नका. जो भाचा वर्षभर तुमच्या कामासाठी आपली दुकानदारी सोडून फिरणार आहे, त्याला काहीतरी मिळावं यात गैर काय?

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. बागेसाठी वेगळा विचार करावा का?

हो, आणि इथे मी थोडं सविस्तर सांगते, कारण शहरात बसून केलेल्या मृत्युपत्रांत शेतीचा विचार ‘गट क्रमांक अमुक, क्षेत्र तमुक’ एवढ्यावर संपतो.

घर वर्षभर कुलूपबंद राहिलं तर धूळ बसते. बाग वर्षभर सोडली तर मरते. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबरपासून तोडणीला येतं; मृग बहार पावसाच्या सुरुवातीला धरला की त्याची तोडणी पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मालक मधेच कधी गेला तरी झाडावर काही ना काही असतंच. एप्रिल-मेच्या उन्हात ओलीत कोण करणार? मोटार जळली तर पैसे कोण देणार? व्यापाऱ्याला उभी बाग दिलेली असेल तर उरलेली रक्कम कोणी घ्यायची आणि कोणाच्या खात्यात भरायची? सालदाराचा पगार कोण देणार?

ही सगळी उत्तरं एक्झिक्युटरने द्यायची असतात. लाभार्थ्यांना त्यांचा वाटा देण्यासाठी कायदा त्याला मृत्यूपासून एक वर्षाची मुदत देतो. त्याआधी देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे एक पूर्ण हंगाम त्याच्या हातून जाऊ शकतो. म्हणून बाग असेल तर एक्झिक्युटर बागेची कामं समजणारा असावा, किंवा निदान काटोल, नरखेड, सावनेरकडे नियमित जाणारा तरी. मृत्युपत्रातच लिहून ठेवा की शेतीचा चालू खर्च पिकाच्या उत्पन्नातून करावा, त्याची वेगळी वही ठेवावी आणि हंगाम संपल्यावर ती सगळ्या वारसांना दाखवावी.

सातबारावरचा फेरफार हे आणखी एक काम. नोंद झाली की जमीन पक्की झाली असं अनेकांना वाटतं. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. मालकी त्यातून जन्माला येत नाही. हरकत आली तर प्रकरण वाढतं, तेव्हा एक्झिक्युटरजवळ जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित हे दाखवणारे जुने कागद असले पाहिजेत. वडिलोपार्जित जमिनीत तुम्हाला फक्त तुमच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं.

नागपुरात प्रोबेट घ्यावंच लागतं का?

नागपूरची मालमत्ता आणि नागपुरात केलेलं हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेटची सक्ती इथे कधीच नव्हती. प्रोबेटची ती अट जुन्या बंगाल प्रांतापुरती आणि मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती होती, आणि नागपूर तर १९५६ पर्यंत वेगळ्या राज्याची राजधानी होतं. आज आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, पण मुंबई शहराला लागू असलेली ती अट त्यामुळे इथे आली नाही. मुंबईतल्या फ्लॅटसाठी मात्र ती दशकानुदशके पाळावी लागली. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच, म्हणजे कलम २१३, वगळलं.

सक्ती नाही म्हणजे उपयोग नाही असं समजू नका. मृत्युपत्र खरं आहे असा निर्णय प्रोबेटमध्ये मिळाला की तो सगळ्यांवर बंधनकारक असतो. एखाद्या मुलाला वगळलं असेल, वाटणी फार असमान असेल, किंवा एखादं कार्यालय कोर्टाच्या आदेशावर अडून बसलं असेल, तर एक्झिक्युटरने सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. मृत्यूनंतर सात दिवस होण्याआधी प्रोबेट देता येत नाही. ते मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टाला द्यावा लागतो. मयत त्या मालमत्तेचा मालक होता की नाही, हे मात्र प्रोबेटमध्ये ठरत नाही.

सगळ्या खात्यांना नॉमिनी लावले आहेत. मग एक्झिक्युटर कशाला?

नॉमिनीमुळे बँकेला पैसे कोणाच्या हातात द्यायचे ते कळतं. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. आयुर्विम्यात मात्र आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर नियम वेगळा आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळे गोंधळाची जागा उलट वाढली आहे. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नावं असतील तर निम्मा त्रास वाचतो. आजच तपासा.

मुलाच्या नावाने आममुखत्यारपत्र केलं आहे. तेच पुरेसं नाही का?

नाही. मुखत्यारपत्र तुमच्या मृत्यूच्या क्षणी संपतं. त्यानंतर त्या कागदावर केलेला व्यवहार, किंवा मयताच्या एटीएम कार्डाने ‘दवाखान्याचं बिल भरायचं होतं’ म्हणून काढलेले पैसे, मुलाला अडचणीत आणतात. हेतू चांगला असला तरी.

मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही एवढं टेन्शन कशाला घेऊन राहिले, आम्ही भाऊ-भाऊ बघून घेऊ.’

तो मनापासूनच म्हणतो. पण तो त्याच्या बायकोच्या, भावजयीच्या आणि दहा वर्षांनंतरच्या स्वतःच्या वतीने बोलू शकत नाही. भावांमधलं प्रेम टिकावं म्हणून तर हिशेब तिसऱ्या नजरेसमोर ठेवायचा.

आमच्या एका मुलाला आयुष्यभर सांभाळाची गरज आहे. त्याच्यासाठी एक्झिक्युटर पुरेल का?

पुरणार नाही. एक्झिक्युटरचं काम वाटणी झाली की संपतं. तुमच्या मुलाला पुढची तीस-चाळीस वर्षं कोणीतरी लागणार आहे. त्याच्यासाठी मृत्युपत्रातून ट्रस्ट करा आणि विश्वस्त नेमा. ते विश्वस्त आणि प्रत्यक्ष त्याच्याजवळ राहून त्याला सांभाळणारी व्यक्ती वेगवेगळी असावीत, म्हणजे पैसा आणि काळजी एकाच हातात राहत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. हे तुमच्या हयातीतच करा. अशा आईवडिलांना मी एवढंच सांगते की बाकी मृत्युपत्र राहिलं तरी चालेल, पण हा भाग पुढच्या वर्षावर ढकलू नका.

नेमलेल्या माणसाने नकार दिला, किंवा तो आधीच वारला तर?

नकार देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. तो न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सहीनिशी लेखी देता येतो. मृत्युपत्रात पर्यायी नाव घालून ठेवा: ‘अमुक हयात नसल्यास किंवा काम करण्यास तयार नसल्यास तमुक.’

एक्झिक्युटरने गैरव्यवहार केला तर आम्ही काय करू शकतो?

आधी लेखी हिशेब मागा. मालमत्तेची उधळपट्टी केली किंवा निष्काळजीपणाने नुकसान होऊ दिलं, तर ते त्याला स्वतःच्या खिशातून भरून द्यावं लागतं. उच्च न्यायालय त्याला काढून टाकून दुसऱ्याला नेमू शकतं.

मुस्लिम कुटुंबांना हेच लागू होतं का?

एक्झिक्युटर त्यांनाही नेमता येतो. पण अंत्यविधी आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देणगी इतर वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही, आणि एक्झिक्युटरला हा हिशेब आला पाहिजे.

नाव बदलायचं असेल तर जुन्या कागदावर खोडून नवीन लिहिलं तर?

तसं करू नका. पुरवणी मृत्युपत्र करा आणि त्यावरही तुमची सही व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, त्यामुळे खर्चाची सबब नाही.

एक्झिक्युटरला आधी सांगावं का? मूळ प्रत कुठे ठेवावी?

सांगावंच. घरी बोलावून, चहा देऊन, कामाचं स्वरूप समजावून, ‘जमेल का?’ असं विचारून. कोणाला काय दिलं आहे ते त्याला सांगायची गरज नाही. कागद कुठे आहे ते सांगायची आहे. मूळ प्रत स्वतःच्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण लॉकर उघडायला मृत्युपत्र आणि मृत्युपत्र काढायला लॉकर अशी पाळी येते. नोंदणी ऐच्छिक आहे, पण मी करून घ्यायला सांगते. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत फक्त तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्याराला मिळते. तुमच्या पश्चात मृत्यूचा दाखला जोडून एक्झिक्युटर ती मागू शकतो. म्हणून कुठल्या दुय्यम निबंधक कार्यालयात, कोणत्या क्रमांकाने आणि कोणत्या तारखेला नोंदणी झाली, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडे द्या. सोबत बँक खाती, विमा, लॉकर आणि प्लॉटच्या फायलींची यादी द्या, आणि दर दिवाळीला ती यादी बदलून द्या.